‘निवांत’चे शॉकअप

१२ जानेवारी १९८६, रविवार. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंदी ठेवाव्यात. नाहीतर मागाहून लोक काहीही सांगत सुटतात.

काम: आईला सौंसरहून पांढुर्ण्याला नेणं. तिथे कलामावशी आहे, आईची एकुलती एक बहीण. १० फेब्रुवारीला नागपूरला मावशीचं पोटाचं ऑपरेशन. ८ तारखेला भरती. पोटात गोळा आहे. कशाचा, ते पोट उघडल्याशिवाय सांगता येत नाही म्हणतात. मावशीचा मुलगा अनिल (पांढुर्ण्यात कापडदुकान) याचं पत्र आलं की मावशी रोज एकच म्हणते, जायच्या आधी बाईला एकदा पाहू द्या. आईला ती बाई म्हणते.

अडचण: आई ऑक्टोबरात न्हाणीत घसरली. मणक्याला चीर. काल डॉक्टर घरी आले, पाठीला बांधायचा पट्टा देऊन गेले; तो खुंटीवर टांगला आहे. म्हणाले, धक्के नकोत. पुढेही काहीतरी म्हणाले, पण तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळी योजना तयार झाली होती. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठीची पाठ कोरी होती, तिच्यावर लगेच गणित मांडलं.

वाहन: माझी स्वतःची ‘निवांत’. एका बंद पडलेल्या दवाखान्याची जुनी व्हॅन. दोन वर्षांपूर्वी घेतली आणि आतून घर केलं. पलंग, स्टोव्हचा ओटा, पाण्याची लोखंडी टाकी, पलंगाच्या वर कपाट, खिडक्यांना पडदे. सगळं डिझाइन माझं. रिटायर झालो की मी आणि अलका यातून सगळा हिंदुस्थान पाहणार. अलकाला अजून सांगायचं आहे.

उणीव एकच. खड्ड्यात गेली की उडते. शाळेतली पोट्टी तिला बेडूक म्हणतात. पण मी सायन्सचा शिक्षक आहे. उडणं म्हणजे ऑसिलेशन, आणि ऑसिलेशन डॅम्प करता येतं, म्हणजे जिरवता येतं. त्यासाठी पाहिजेत योग्य शॉकअप, चाकाजवळचे धक्के शोषणारे नळे. बस.

संकल्प: २६ जानेवारीपर्यंत शॉकअप फायनल. रोज पहाटे पाचला उठणं. चिंधू मेकॅनिकवर चिडायचं नाही.

अलकाला योजना सांगितली. ती उठून चहा ठेवायला गेली. पटलं.

१३ जानेवारी, सोमवार

साडेसहाला उठलो. पाच ही वेळ उन्हाळ्यासाठी ठीक आहे.

शाळा सुटल्यावर चिंधूचं गॅरेज. तो ‘निवांत’च्या खाली गेला, दोन मिनिटांत बाहेर आला आणि हात पुसत म्हणे, शॉकअपचं काही नाही जी सर. मागच्या वर्षी तुमीच मागं दोन पाटे जास्तीचे टाकाले लावले, ते काढून टाका, चाकातली हवा थोडी कमी करा आन बीसच्या स्पीडनं चाला. माय झोपून जाते पांढुर्ण्यापर्यंत. घंट्याभराचं काम हाय.

पाटे म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडीचं अंग बसतं. मी दोन वाढवल्या, कारण टाकीचं वजन. ते डिझाइन होतं. स्वतःचं डिझाइन कोणी काढतं का? आणि शॉकअप न बदलता शॉक कसा जाईल? अडाणी माणूस आहे, त्याचा काय दोष.

मी अतिशय शांतपणे समजावलं. शेजारचा पंक्चरवाला विचारायला आला की भांडण कशाचं चालू आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आईनं पडल्या पडल्या लाडू वळले. अकरा लाडू वेगळे काढून डब्यात. कलीसाठी, म्हणजे मावशीसाठी. विचारून राहिली, कधी जायचं? म्हटलं, शॉकअप फायनल झाले की लगेच. म्हणे, आन नाही झाले तं? अशा माणसाला काय सांगावं. म्हटलं, होणारच आहेत.

मग बराच वेळ बोलत होती. माय मेली तवा कली तीन वर्षाची होती. म्या कडेवर वागवलं तिले, शेतात जाऊ तवा बी कडेवर. आता तिच्या पोटात काय हाय कोणाले ठाऊक.

मला फार वाईट वाटलं. आज रात्रीच डॅम्पिंगचा धडा पुन्हा वाचून काढतो.

१५ जानेवारी, बुधवार

झोप लागली. धडा उद्या.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी २

ट्रायल नंबर १. जुन्याच शॉकअपमध्ये जाड तेल भरून घेतलं.

मोजमापाशिवाय विज्ञान नाही. म्हणून पद्धत ठरवली: पितळी पेला काठोकाठ भरून पलंगावर, आईचं डोकं असेल तिथे, ठेवायचा. घरापासून जामसांवलीच्या (निजलेल्या मारुतीचं देऊळ आहे ते) फाट्यापर्यंत जायचं आणि किती सांडलं ते लिहायचं.

निकाल: किती सांडलं सांगता येत नाही, कारण पेलाच सापडेना. शेवटी स्टोव्हच्या मागे मिळाला. पितळ घसरतं, हे आधी लक्षात यायला हवं होतं. पेल्यासाठी लाकडी कडं करून घ्यावं. बाकी ट्रायल समाधानकारक.

चिंधू म्हणे, सर, पाटे. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

२२ जानेवारी, बुधवार

सिक लीव्ह. नागपूर. भंगार बाजारात जीपचे शॉकअप मिळाले, चार. मिलिटरीचे आहेत म्हणे. विकणाऱ्याची मिशीही तशीच होती.

हेडमास्तर रघुनाथराव परवा विचारत होते, प्रकाशाचा धडा कधी घेणार, बोर्डाची परीक्षा मार्चात आहे. आठवडाभर डॅम्पिंगच चालू आहे का? पाया पक्का करून राहिलो आहे, असं सांगितलं. त्यांना पटलं असावं. चष्मा काढून डोळे चोळले त्यांनी.

२३ जानेवारी, गुरुवार

ट्रायल नंबर २, जीपचे. सांडलं: अर्ध्याहून जास्त. शिवाय पडद्याचा रॉड. शिवाय एक शॉकअप दुसऱ्यापेक्षा लांब निघाला, गाडी डावीकडे कलते. डाव्या वळणावर याचा फायदा होईल.

अलका म्हणे, आई रोज डबा उघडून लाडू मोजतात. म्हटलं, मग? म्हणे, काही नाही, सांगितलं.

२४ जानेवारी, शुक्रवार. सायंकाळी ५

पुंडलिकरावांच्या दुकानात अनिलचा फोन. पुंडलिकराव आमचे शेजारी, संत्र्याचे व्यापारी, गल्लीत फोन त्यांच्याकडेच. अनिल म्हणे, दादा, आई जेवत नाही नीट. मोठ्या मावशीला बसनं आणून द्या ना, मी कंडक्टरला सांगून पुढची सीट धरतो, हळू आणतील.

बस! मणक्याला चीर असलेल्या बाईला बस! असा राग आला! तरी आवाज न चढवता सांगितलं की माझी आई आहे, मी तिला बसमध्ये घालणार नाही, मी तिच्यासाठी काय करून राहिलो आहे ते तू येऊन पाहा. फोन ठेवल्यावर पुंडलिकराव म्हणाले, पांढुर्ण्यात फोन न लावताही ऐकू गेलं असतं.

आईला बसचं सांगितलं नाही. उगाच जीव वरखाली व्हायचा.

संकल्प: रागावर ताबा. (आधीचाच. पुन्हा सुरू.)

२५ जानेवारी, शनिवार

विचार केला. चुकत होतो ते एवढंच की लहान गाडीचे शॉकअप पाहत होतो. मजबुती पाहिजे. ट्रकचे! चिंधूनं कपाळाला हात लावला. त्याच्या हाताला ग्रीस होतं, कपाळ काळं झालं.

२६ जानेवारी, रविवार. सायंकाळी ६

आनंदाचा दिवस.

सकाळी शाळेत झेंडावंदन. तिथून सरळ गॅरेज. चिंधूनं ट्रकचे शॉकअप बसवले. जागा करायला दोन ठिकाणी वेल्डिंग लागलं. इतक्यात पुंडलिकराव आले. बोरगावच्या त्यांच्या बगीच्यात मृगाच्या बहाराची तोड चालू आहे, संत्र्याच्या पंचावन्न पेट्या पडून आहेत, ट्रक आला नाही. म्हणाले, मास्तर, रिकाम्या गाडीची ट्रायल काय घेता, माल भरून घ्या, संत्रं नाजूक असते, त्याला धक्का लागला तर सालीवर दिसते. तुमच्या पेल्यापेक्षा चांगलं मोजमाप.

हे मला का सुचलं नाही? पेट्या पलंगावर, ओट्यावर, खाली, सगळीकडे रचल्या. मधोमध पेला. बोरगाव ते सौंसर.

सांडलं: एक थेंबही नाही. एक थेंबही नाही! गाडी अशी चालली की मागे काही आहे असं वाटेना. तसेच खड्डे, तीच गाडी. पुंडलिकरावांनी पाच पेट्या उघडून पाहिल्या, एका संत्र्यालाही डाग नाही.

शॉकअप फायनल. तारीख २६, ठरवल्याप्रमाणे. मी दिलेला शब्द पाळतो.

घरी आलो, आईच्या पाया पडलो. म्हटलं, झालं. तिनं लगेच विचारलं, मंग आजच चाल ना बाप्पा? आई लहान मुलासारखी झाली आहे.

२८ जानेवारी, मंगळवार

निघणार होतो, पण पुंडलिकराव म्हणाले की एका प्रयोगावरून निष्कर्ष काढणं बरं नाही. हा माणूस शाळेत असता तर! दुसरी ट्रायल, साठ पेट्या. सांडलं: शून्य.

३० जानेवारी, गुरुवार

तिसरी. अठ्ठावन्न पेट्या. शून्य. विज्ञानासाठी लोक एवढी तसदी घेतात हे पाहून बरं वाटतं. पुंडलिकरावांनी एक पेटी घरी पाठवली.

३१ जानेवारी, शुक्रवार

चिंधूशी शेवटचं बोलणं. म्हणे, सर, गाडी वजनावर बसून राहिली म्हून चांगली चालते. तिच्यात एक टन संत्रं हाय. माय बसन एकटी, तवा काय होईन?

मी त्याला फळ्यावर शिकवतो तसं समजावलं. एक टन वजन असताना इतकी मऊ चालते. आईचं वजन अडतीस किलो. अडतीस किलोला किती मऊ चालेल? गणित सोपं आहे. बिडी पेटवून बाहेर जाऊन बसला.

अलकानंही विचारलं की आईंना एकदा बसवून का पाहत नाही. नाही. आईवर प्रयोग करायचे नाहीत. हे माझं तत्त्व आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मावशीला कार्ड टाकलं: शुक्रवारी ७ तारखेला सकाळी दहापर्यंत आईसह पोचतो. प्रवास आरामशीर होईल. वाट पाहावी.

आधी जाता आलं असतं, पण बुधवारी पुंडलिकरावांची शेवटची ट्रायल आहे. चाळीसच पेट्या. शिवाय पडदे धुवायला टाकले आहेत.

४ फेब्रुवारी, मंगळवार

पुढच्या काचेवर ‘निवांत’ अक्षरं नव्यानं रंगवली. पिवळा रंग, लाल कड. दोन दिवस त्यात गेले, पण आई पहिल्यांदाच बसणार आहे.

आई म्हणे, कली शनिवारी जाते ना रे नागपूरले? शुक्रवारी काही झालं तं? म्हटलं, काही होत नाही. म्हणे, नाई, म्या आपलं विचारलं.

तिच्याकडे पाहवेना. उठून बाहेर आलो आणि ‘निवांत’चं चाक पुसलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. रात्री ८

सगळं तयार. गादी, दोन उशा, आईची शाल, लाडवांचा डबा. रस्ता: सौंसर, जामसांवलीचा फाटा, पांढुर्णा. निघणं सकाळी ७.०० च्या ठोक्याला.

उद्या पाचला उठणारच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ६.४०

आई चारपासून तयार आहे. हिरवं लुगडं, जे तिनं मागच्या वर्षीही काढलं नव्हतं. दारातल्या खुर्चीत बसली आहे, डबा मांडीवर. अलकानं तिची वेणी घातली.

चिंधू गाडी चालवायला आला आहे. दारातच उभा राहिला, आईला हात जोडले आणि मला बाजूला नेऊन म्हणे, सर, तुमचं सगळं बरोबर, फक्त एक डाव तुमी स्वतः पलंगावर निजा, म्या जामसांवलीच्या फाट्यापर्यंत नेऊन आणतो. मायच्या आधी तुमी. मंग म्या जिंदगीभर तोंड उघडत नाही.

ठीक आहे. एकदाचं याचं तोंड बंद होऊन जाऊ दे. पेला घेतला. अर्ध्या तासात परत.

७ फेब्रुवारी. दुपारी १२.१५

पडून लिहून राहिलो. मान वळत नाही.

पहिला खड्डा जिनिंगच्या कारखान्यासमोर. मी पलंगावर होतो. मग नव्हतो. पलंगाच्या वर कपाट आहे. माझं डिझाइन. उशीपासून बावीस इंच. आईच्या सोयीनं, हात पोचावा म्हणून, मीच खाली घेतलं होतं. डोकं त्याला लागलं. खाली आलो तेव्हा दुसरा खड्डा आला. पेला पूर्ण सांडला, माझ्या अंगावर. मी ओरडत होतो, पण चिंधूला पुढे ऐकू येईना. ट्रकचे शॉकअप खडखड फार करतात.

फाट्यावर त्यानं दार उघडलं आणि मला पाहून म्हणाला, अरे देवा.

त्यानं मला उचलून पुढे बसवलं आणि बीसच्या स्पीडनं घरी आणलं. पुंडलिकराव धावत आले. दोघांनी धरून उतरवलं.

आई दारातच होती. मला पाहिलं आणि उठली. कोणाचा आधार न घेता, ऑक्टोबरापासून पहिल्यांदा. तीन पावलं चालत आली, माझ्या मानेवर हात ठेवून म्हणे, लागलं का रे तुले? मग मागे वळून पुन्हा खुर्चीत बसली. डबा उचलून मांडीवर घेतला.

मी चिंधूला सांगितलं, हे चारही आत्ताच्या आत्ता काढून टाक. यातला एकही मला दिसायला नको. त्यानं काढले. ‘निवांत’ अंगणात विटांवर उभी आहे.

डॉक्टर येऊन गेले. मान लचकली आहे. महिनाभर धक्के नकोत. हे मला ते सांगून राहिले!

७ फेब्रुवारी. सायंकाळी ६

आई अजून दारातच. जेवली नाही. अलकानं दोनदा म्हटलं, आत चला. म्हणे, बसू दे थोडी.

उद्या पहाटे जीपचे परत लावून घेऊ. डावीकडे उशी जास्त ठेवली की झालं. अलकाला तसं सांगितलं. ती म्हणे, उद्या मावशी नागपूरला जातात.

ते मला माहीत आहे. मला माहीत नाही का ते?

८ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३

हे लिहायचं नव्हतं. पण लिहून ठेवतो.

सकाळी साडेनऊला दारात सायकलरिक्षा थांबली. त्यातून अनिल उतरला आणि त्यानं हात देऊन कलामावशीला उतरवलं. केवढीशी झाली आहे. पांढुर्ण्याहून साध्या बसनं आली, अनिलनं पुढची सीट धरली होती. नागपूरला सरळ जाणार होते, पण मावशी म्हणे, सौंसरवरून चाल. काल दिवसभर दारात बसली होती म्या. वसंताचं कार्ड आलं होतं.

काल दिवसभर. इकडे ही, तिकडे ती. आणि मी मधे विटांवर.

आई खाटेवरून उठत होती, मावशी म्हणे, बाई, निज निज. आई म्हणे, तू निज, ऑपरेशन तुयं हाय. दोघी रडल्या नाहीत. मावशीनं डबा उघडला. लाडू पंचवीस दिवसांचे, दगड झालेले. तिनं एक तोंडात धरला आणि चघळत बसली. आई तिच्या पोटावरून हात फिरवत होती. मी शेजारच्या खाटेवर छताकडे पाहत पडलो होतो, मानेला टॉवेलची गुंडाळी. दुसरीकडे पाहताच येत नव्हतं.

मग अनिलनं सहज विचारलं, डॉक्टर नेमके काय म्हणाले होते मोठ्या मावशीला? चिठ्ठी आहे का? नागपूरला दाखवून घेऊ. अलका शोधायला गेली. घरात नाही सापडली. ‘निवांत’मध्ये, कपाटात, माझ्या गणिताच्या कागदांत सापडली. ती दारात उभी राहिली, कागद उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं.

पाठीला पट्टा बांधून पंधरा दिवसांनी बसने, पुढच्या सीटवर, प्रवासास हरकत नाही. मोठे धक्के टाळावेत.

चिंधू विटा पाहायला आला होता, तो अंगणातच थांबला. पुंडलिकराव खिडकीशी होते, ते निघून गेले. लाज वाटली. खरोखर लाज वाटली, लिहितो. जानेवारीच्या सव्वीस तारखेपासून आईला जाता आलं असतं. एका बाजूला ते लिहिलेलं होतं आणि दुसऱ्या बाजूला मी भागाकार करत होतो.

मला वाटलं आई बोलेल. तिनं बोलायला पाहिजे होतं. ती मावशीला म्हणे, जामसांवलीचा मारुती पाह्य ना, किती वर्षांपासून निजून हाय, त्याच्याखाली कोनं शॉकअप नाही लावले. मावशी हसली, पोट धरून. मग दुखलं म्हणून थांबली, मग पुन्हा हसली. अलकाही हसली. मी हसायचा प्रयत्न केला, मान दुखली.

मग आई म्हणे, अलका, तो खुंटीवरचा पट्टा आन. माही दोन लुगडी बांध. म्या कलीसंग चालली नागपूरले. मी म्हटलं, आई, अगं... ती म्हणे, तिले पोट फाडून घ्याचं हाय आन म्या इथं पाठ धरून बसू का? मले कुठं मऊ मऊ जायचं होतं रे वसंता. मले जायचं होतं.

अकराची छिंदवाडा-नागपूर बस. अनिलनं पुढच्या दोन सीटा धरल्या. चिंधूनं आईला हातावर उचलून चढवलं. मी गेलो नाही, जाता आलं नाही. अलका सांगत होती, बस निघाली तेव्हा दोघींनी एकमेकींचे हात धरले होते, आणि स्टँडच्या बाहेरच्या खड्ड्यात बस उडाली तेव्हा दोघी एकदमच हसल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

काही नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज ऑपरेशन. सकाळपासून पुंडलिकरावांच्या फोनकडे कान. घंटी दोनदा वाजली, दोन्ही वेळा संत्र्याची.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो: तेल भरलेल्या शॉकअपमध्ये मुळात दोष असा नव्हताच, तेल जर थोडं... नाही. राहू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार. सायंकाळी ५

फोन आला. झालं ऑपरेशन. गोळा काढला, तपासायला पाठवला आहे, पण डॉक्टर म्हणतात काळजीचं वाटत नाही. मावशी बोलते. आई तिच्याच खाटेशेजारी गादी टाकून निजते, पाठ ठीक आहे. आईचा निरोप: वसंताले म्हणा, ये. पण बसनं ये.

अलका आत जाऊन देवापुढे बसली. मी बाहेर आलो, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं.

अंगणात ‘निवांत’ नव्हती. नुसत्या विटा. घाबरलो. अर्ध्या तासानं ती गल्लीत आली, अगदी हळू, आवाज न करता. चिंधू चालवत होता. कोणाला न विचारता त्यानं मागचे दोन जास्तीचे पाटे काढले, जुने शॉकअप परत लावले, चाकातली हवा कमी केली आणि जामसांवलीच्या फाट्यापर्यंत एकटाच जाऊन आला. घंट्याभराचं काम.

उतरताना त्याच्या हातात माझा पितळी पेला होता. काठोकाठ भरलेला. त्यानं तो खिडकीत माझ्यासमोर ठेवला. बोलला काही नाही, शब्दाला जागला. चहा पिऊन गेला.

मी पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ७.२०, बसमध्ये

सामान: आईची आणखी दोन लुगडी, पुंडलिकरावांची संत्री, नव्या लाडवांचा डबा. डॉक्टरांनी मला पुढची सीट सांगितली होती. ती मिळाली होती, पण बोरगावला एक म्हातारी चढली, तिला दिली. आता अगदी मागची, चाकावरची. मानेला टॉवेल.

पेला घरी ठेवला.

यापुढे लिहिता येत नाही. गाडी फार उडून राहि